यादीत हरवलेले काम

दिवाळी जवळ आली, की घरोघरी याद्यांचे पीक येते. फराळाची यादी, किराण्याची यादी, भाऊबीजेला कोणाकोणाला काय द्यावयाचे त्याची यादी. आणि ह्या सर्वांहून लांब अशी एक यादी, 'यंदा तरी करूच' म्हणून दसऱ्यापासून पुढे ढकललेल्या कामांची. पूर्वी ह्या याद्या पाठकोऱ्या कागदावर होत असत. तो कागद कधी पिशवीत चुरगळे, कधी वाण्याच्या गल्ल्यावर राहून जाई. आता बहुतेक घरांतल्या याद्या फोनात गेल्या आहेत. कागदासारखा फोन सहसा हरवत नाही, तेव्हा आता कामे हरवणार नाहीत असे आपण धरून चाललो आहोत. ह्या सदरातून यंदा सांगावयाचे आहे ते असे, की कागद हरवण्याचे थांबले, तरी कामे हरवण्याचे थांबलेले नाही. ती आता यादीतच हरवतात. आणि ह्यावर उपाय म्हणून एक सूचनाही करावयाची आहे. थोडी फोनातील याद्या तयार करणाऱ्यांना आणि थोडी आपणां सर्वांना.

'यादी' हा शब्द आपल्याकडे आला तो फारसीतल्या 'याद'वरून. याद म्हणजे आठवण. पेशवे दफ्तरातील कितीतरी कागदांच्या माथ्यावर 'यादी' असे लिहिलेले आढळते, आणि खाली ओळीने कलमे मांडलेली असतात. पण त्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की लिहून ठेवणे ही निम्मीच आठवण होय. लिहिलेले हवे तेव्हा हाती लागणे ही उरलेली निम्मी. म्हणून कागद रुमालात बांधून ठेवावयाचे. पुढे हे रुमाल हजारांनी साठले आणि कोणत्या रुमालात काय आहे हाच मोठा प्रश्न होऊन बसला. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ ह्या वर्षांत त्यांतून निवड करून पंचेचाळीस भाग विषयवार प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे त्या दफ्तरातील आठवण अभ्यासकांच्या उपयोगी पडू लागली. कागद होते तेच. निवडून लावल्यावर ते बोलू लागले, इतकेच.

घरातल्या यादीचे पूर्वज मात्र इतके भारदस्त नव्हते. आमच्या आजीच्या पिढीतील बायका पदराला गाठ मारीत. गाठ हाताला लागली, की काहीतरी करावयाचे राहिले आहे हे आठवे. काय राहिले आहे, ते मात्र गाठ सांगत नसे! मग ती माउली उंबऱ्यात उभी राहून, 'मेलं, कशाला बरं गाठ मारली होती?' असे स्वतःशीच पुटपुटे. आपल्याला त्याचे हसू येते. पण आपण फोनात 'गॅसचे बघणे', 'पेन्शनचे बघणे', 'छपराचे काहीतरी करणे' असे लिहितो, ते तरी दुसरे काय असते? पदराची गाठच ती, फक्त काचेवर मारलेली.

काम अर्धवट राहिले की ते मनाला टोचत राहते, हा सर्वांचा अनुभव आहे. ब्लूमा झायगार्निक ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये ह्यावर प्रयोग केले आणि ते १९२७ साली प्रसिद्ध केले. पुरी झालेली कामे माणूस विसरतो, मध्येच तोडलेली अधिक लक्षात ठेवतो, असे त्यांना आढळले. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत प्रत्येक वेळी हाच निष्कर्ष निघाला असे नाही. परंतु २०११ साली मॅसिकँपो आणि बाउमाइस्टर ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी ह्या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. अपुरे काम मनात लुडबुड करते हे खरे. मात्र ते कधी, कुठे आणि कसे करावयाचे एवढे नेमके ठरवले, तर काम पुरे झालेले नसतानाही ती लुडबुड थांबते. नेमके ठरवलेले हवे. 'बघू' म्हणून मनाची समजूत पटत नाही.

ह्याच गोष्टीवर डेव्हिड ॲलन ह्या अमेरिकन गृहस्थांनी २००१ साली 'गेटिंग थिंग्ज डन' ह्या नावाचे पुस्तक लिहिले, आणि ते जगभर गाजले. त्यांच्या सांगण्याचे सार असे, की आपण ज्याला काम म्हणतो ते पुष्कळदा एक काम नसतेच. ती अनेक कामांची मोळी असते. यादीत मोळी लिहू नये, तिच्यातली पहिली काटकी लिहावी. म्हणजे, हातपाय हलवून प्रत्यक्ष करता येईल अशी पुढची एक कृती. आणि ती कृती कुठे होणार, घरी, बाजारात, फोनवर की कोणा माणसाच्या भेटीत, त्याप्रमाणे तिची वर्गवारी करावी. 'छपराचे काहीतरी करणे' ही मोळी झाली. 'गवंड्याला फोन करून रविवारी बोलावणे' ही काटकी. पहिली ओळ वाचून माणूस सुस्कारा सोडतो, आणि दुसरी वाचून फोन उचलतो.

इतके सगळे वाचून कोणी म्हणेल, हे आम्हांला पुण्या-मुंबईत कशाला सांगता? जिना उतरले की दुकान आहे. आज राहिले तर उद्या करू. तसे असेल तर चांगलेच आहे. पण मी राहते सोयगावात, आणि इथे यादीची परीक्षा जरा कडक असते. सोयगाव तालुक्याचे गाव आहे खरे. पण आम्ही अजिंठ्याच्या डोंगराच्या खानदेशाकडील अंगाला, आणि जिल्ह्याचे ठिकाण डोंगराच्या पलीकडे, शंभर किलोमीटरहून दूर. जळगाव जिल्ह्याची हद्द जवळ, म्हणून खरेदी कधी पाचोऱ्याला, कधी जळगावला. कचेरीचे किंवा मोठ्या दवाखान्याचे काम निघाले, की छत्रपती संभाजीनगर. मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना निम्मे तिकीट झाले आहे, त्याचा आम्हांला मोठा आधार आहे. परंतु तिकीट निम्मे झाले म्हणून दिवस निम्मा लागत नाही. एक काम राहिले, की पुन्हा एक अख्खा दिवस.

आमच्या शेजारच्या वहिनींची गोष्ट सांगण्याजोगी आहे. वहिनी अत्यंत टापटिपीच्या. फोनात यादी ठेवण्याची त्यांची शिस्त अशी, की गल्लीतल्या मुली त्यांच्याकडून शिकून जातात. त्यांचे सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे, आणि पेन्शनचे खाते शहरातील एका बँकेत. पेन्शनवाल्यांना दर वर्षी नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. २०१४ सालापासून हा दाखला आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या देण्याची सोय झाली आहे, आणि अलीकडे तर फोनासमोर नुसता चेहरा धरला तरी चालते. पण त्यासाठी पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक लागतो, आणि मामंजींचा तो कागद जुन्या घरातून नव्या घरात येताना कुठेसा गहाळ झालेला. क्रमांक बँकेतून मिळणार होता. म्हणजे पुढची कृती अगदी सरळ होती, की शहरात जाल तेव्हा बँकेतून क्रमांक लिहून आणावयाचा. वहिनींच्या यादीत मात्र ओळ होती, 'मामंजींच्या पेन्शनचे बघणे'.

दिवाळीच्या खरेदीसाठी वहिनी शहरात गेल्या. कपडे झाले, भांडे बदलून झाले, चष्म्याच्या दुकानात जाऊन झाले. परतीची गाडी धरण्याआधी त्यांनी शिस्तीप्रमाणे फोन काढला. यादीत दीडशेच्या वर ओळी. त्या सगळ्या भर रस्त्यात कोण वाचणार? त्यांनी शोधाच्या चौकटीत 'बँक' असा शब्द घातला. फोन म्हणाला, काही आढळले नाही. वहिनी निश्चिंत मनाने गाडीत बसल्या.

रात्री घरी आल्यावर मामंजींनी विचारले, 'सूनबाई, त्या नंबराचं काय झालं?'

पुढचे लांबवत नाही. सणाचे दिवस, मग बँकेला सुट्ट्या, मग घरात आजारपण. नोव्हेंबर सरला आणि पेन्शन अडकली. दाखला दिल्यावर ती पुन्हा सुरू झाली, मागची रक्कमही मिळाली. पण मधल्या काळात त्या वृद्ध माणसाला औषधाचे पैसे मुलाकडे मागावे लागले. मुलाने आनंदाने दिले. तरीही उभ्या आयुष्यात ज्याने कोणापुढे हात पसरला नाही, त्याला ते कसे वाटले असेल, हे मला त्यांच्या ओट्यावर बसले असता दिसत होते. वहिनींनाही ते दिसत होते. 'ताई, काम लिहिलेलं होतं हो,' एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

आणि ते खरेच होते! काम लिहिलेले होते, शिस्तीने शोधलेही होते, आणि तरी ते हरवले. ह्यात आळस नाही, विसराळूपणा नाही. मग दोष कशात आहे? माझ्या मते तो त्या 'काही आढळले नाही' ह्या तीन शब्दांत आहे. यंत्राच्या मनात त्यांचा अर्थ इतकाच, की 'बँक' ही अक्षरे मला दिसली नाहीत. पण रस्त्यावर, हातात चार पिशव्या घेऊन उभी असलेली बाई त्यांचा अर्थ घेते, की बँकेत माझे काही काम नाही. शब्द नसणे आणि काम नसणे ह्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि यादी त्या दोन्ही एकाच वाक्याने सांगते.

म्हणून माझी पहिली सूचना याद्या तयार करणाऱ्या मंडळींना आहे. शोधल्यावर काही सापडले नाही, तर यादीने तिथेच गप्प बसू नये. 'हा शब्द कुठे नाही. परंतु ज्यांची जागा किंवा पुढची कृती लिहिलेली नाही अशी एवढी कामे आहेत, ती पाहता का?' असे तिने विचारावे. वहिनींपुढे अशा पाच-सात ओळी आल्या असत्या, तरी त्यांतली पेन्शनची ओळ त्यांच्या नजरेतून सुटली नसती.

दुसरी सूचना अशी, की शोधाने सगळे दाखवू नये. आत्ता करता येण्यासारखे तेवढेच आधी दाखवावे. 'सुतार' असे शोधले, तर सुताराकडचे झालेले काम, पुढच्या चार पायऱ्या आणि आत्ताची पायरी असे सारे एकदम अंगावर येते. आधी आत्ताची पायरी यावी. बाकीचे मागाहून, मागितले तर. सुताराने काही करावयाचे कबूल केले असेल आणि आपण वाट पाहत असू, तर तेही त्याच्या नावाखाली दिसावे. माणूस समोर उभा असतो तेव्हाच आठवण करून देण्याची खरी वेळ असते. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन ह्यांनी १९३१ साली जे पाच नियम सांगितले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचा आहे. कपाटे पुस्तकांनी भरली म्हणजे ग्रंथालय झाले असे त्यांनी मानले नाही. हवे ते पुस्तक हवे त्याला चटकन मिळाले पाहिजे. हाच न्याय घरातल्या यादीला का लावू नये?

तिसरी गोष्ट क्रमाची. फोनातील यादी साधारणतः लिहिल्याच्या क्रमाने लागते. आमच्या तालुक्यात जगप्रसिद्ध अजिंठ्याची लेणी आहेत. तिथे येणाऱ्या पुष्कळ पाहुण्यांची समजूत असते, की पहिल्या क्रमांकाचे लेणे सर्वांत जुने. तसे नाही. पहिले लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकातले आहे, आणि त्याच्याहून कितीतरी शतके जुनी आहेत ती नववे आणि दहावे. क्रमांक दिले आहेत ते काळाप्रमाणे नव्हेत. घळीच्या एका टोकाकडून चालत निघाले असता जे जसे लागेल तसे. मागाहून नोंदलेल्या एका लेण्याला तर 'पंधरा अ' म्हणून मध्येच जागा दिली आहे, शेवटी टाकलेले नाही. चालणाऱ्याच्या पायांना हीच सोय बरी पडते. यादीनेही बाहेर पडलेल्या माणसाशी असेच वागावे. मी कोणती ओळ कधी लिहिली हे मला बाजारात उभे राहून काय करावयाचे? मी जिथे उभी आहे तिथली कामे एकापाठोपाठ एक दिसली पाहिजेत.

आता थोडे आपल्या भाषेविषयी, कारण मराठीत यादी ठेवणाऱ्याला एक जादा अडचण आहे. मराठीत नाम विभक्तीला लागले की रूप बदलते. शाळेत आपण 'सामान्यरूप' म्हणून ते घोकले. तेव्हा ते पुढे फोनात आडवे येईल असे कोणाला वाटले होते! 'दवाखान्यात रिपोर्ट दाखवणे' असे लिहिलेले असते आणि आपण शोधतो 'दवाखाना'. अक्षराला अक्षर लावून पाहणाऱ्या यंत्राला ते मिळत नाही. 'शाळा' शोधणाऱ्याला 'शाळेत' सापडत नाही, 'किराणा' शोधणाऱ्याला 'किराण्याचे बिल' सापडत नाही. 'पाचोरा' आणि 'पाचोऱ्याला' ह्यांचे तर विचारूच नका. त्यातला 'ऱ्य' यंत्राच्या पोटात दोन निरनिराळ्या रीतींनी साठवता येतो, आणि डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. खुद्द 'बँक' हा शब्दसुद्धा कोणी चंद्रबिंदू देऊन लिहितो, कोणी चंद्रावर वेगळा अनुस्वार देतो, आणि घाईत असलेली तरुण मंडळी तो रोमन लिपीत टंकून मोकळी होतात. आमच्या जिल्ह्याच्या लोकांची आणखी एक गंमत. २०२३ साली शहराचे नाव बदलले. त्याआधी लिहिलेल्या कामांत 'औरंगाबाद' आहे, नंतरच्या कामांत 'संभाजीनगर' आहे, आणि गाडी एकाच स्थानकावर थांबते! शोधाला हे उमगले पाहिजे. वाण्याकडच्या पोऱ्याला 'साखरेचं काय झालं' म्हटले काय आणि 'साखर' म्हटले काय, तो साखरच काढतो. एवढी समज यंत्राला शिकवणे आजच्या काळात अशक्य नाही. ज्यांच्या हाती ते आहे त्यांनी मराठी माणूस कसे लिहितो हे पाहण्याची तसदी मात्र घ्यावयास हवी.

ही सुधारणा होईल तेव्हा होवो. तोवर आपल्या हाती काय आहे, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

पहिले म्हणजे 'बघणे', 'करणे' आणि 'काहीतरी' हे तीन शब्द यादीतून हद्दपार करावेत. त्यांच्या जागी आणणे, विचारणे, भरणे, देणे, फोन करणे अशी हाताला काम सांगणारी क्रियापदे यावीत. दुसरे, प्रत्येक ओळीत जागेचे किंवा माणसाचे नाव हटकून घालावे, आणि ते एकाच ठरावीक रूपात, ओळीच्या आरंभी, विभक्ती न लावता. 'बँक: पेन्शनचा क्रमांक लिहून आणणे.' 'दवाखाना: रिपोर्ट दाखवणे.' 'सुतार: खिडकीचे माप घ्यायला बोलावणे.' व्याकरण थोडे रुसेल, पण यंत्राला सापडेल. तिसरे, एका कामाची एकच पुढची पायरी लिहावी; ती झाली की तिच्या जागी पुढची. आणि चौथे, घराबाहेर पडण्यापूर्वी घरीच, चहा पिता पिता, एकदा यादी वरपासून खालपर्यंत वाचावी. शोधाची चौकट वाटेतल्या उपयोगासाठी आहे. घरच्या वाचनाला ती पर्याय नाही.

ज्यांना फोन नको, त्यांनी साध्या वहीत हीच व्यवस्था करावी. एकेका पानाला एकेक ठिकाण द्यावे, एक बँकेचे, एक कापडबाजाराचे, एक दवाखान्याचे, एक माहेरचे. काम सुचले की त्या त्या पानावर टाकावे. बँकेत शिरताना बँकेचे पान उघडावे, संपले. आणि ज्यांच्या यादीत दहा-बारा ओळींपलीकडे कधी काही नसते, त्यांनी ह्यातले काहीही करू नये. त्यांचे डोळेच त्यांना पुरेसे आहेत, आणि अशा सुखी माणसांचा हेवा करण्यापलीकडे माझ्याजवळ त्यांना देण्यासारखे काही नाही.

एक आक्षेप मला दिसतो. इतके टिपून, निवडून, शोधून जगावयाचे म्हणजे माणसाचे यंत्र नाही का होणार? मला उलट वाटते. यादीतली कामे नुसती कामे नसतात. बहुतेक ओळींच्या मागे कोणीतरी माणूस उभा असतो. 'बँक: क्रमांक आणणे' ह्या ओळीमागे औषधाच्या पैशासाठी स्वतःच्या पेन्शनवर उभे राहू पाहणारे एक म्हातारे गृहस्थ होते. 'दवाखाना: रिपोर्ट' ह्यामागे कोणाची तरी आई असते, 'शाळा: फी' ह्यामागे एक पोर. कामे बिनबोभाट होत गेली, तर त्या माणसांशी बोलावयास आपल्याला वेळ आणि मोकळे मन उरते.

दिवाळीच्या साफसफाईत आपण माळे झाडतो, डबे घासतो, जुनी रद्दी काढतो. यंदा त्यात तासभर यादीसाठी काढावा. झालेली कामे पुसावीत. जी आता करावयाचीच नाहीत, त्यांना निरोप द्यावा. आणि जिथे जिथे 'बघणे' दिसेल, तिथे थांबून एकच प्रश्न विचारावा, की नेमके काय, कुठे आणि कोणाकडे? उत्तर सुचले की ते त्याच ओळीत लिहावे. नोव्हेंबर येतोच आहे. घरात कोणी पेन्शनवाले वडीलधारे असतील, तर त्यांच्या ओळीपासून सुरुवात केलेली बरी.